जुनी डिझेल जीप सुरू होत नाही, तेव्हा आधी काय पाहावे

नागपुरात डिसेंबरच्या उत्तरार्धात पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरला की जुन्या डिझेल जीपांचे दुखणे वर येते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सियसपर्यंत घसरले होते; एरवीही हिवाळ्यातले काही दिवस इथली थंडी इंजिनाची परीक्षा घेण्याइतकी असते. आदल्या संध्याकाळी सुरळीत परत आलेली गाडी सकाळी बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटार) मारूनही सुरू होत नाही, आणि मग शेजाऱ्यापासून मेकॅनिकपर्यंत प्रत्येक जण आपापले निदान सांगू लागतो. कोणी डिझेल पंप गेला म्हणतो, कोणी डिझेल फवारणारी नोझल, कोणी थेट इंजिन उघडायला सांगतो. यांतली बरीचशी निदाने तपासणीआधीच केलेली असतात आणि म्हणूनच ती महाग पडतात. जुन्या डिझेल इंजिनाला सुरू होण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत, त्यांतली कोणती कमी पडते आहे हे गाडी आवाजातून आणि धुरातून सांगत असते, आणि पाना हातात घेण्यापूर्वी ते नीट ऐकून-पाहून घेतले तर बराचसा खर्च वाचतो, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

इथे जुनी गाडी म्हणजे जिचा डिझेल पंप पूर्णपणे यांत्रिक आहे आणि जिच्यात संगणक नाही अशी गाडी समजावी. महिंद्राने १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार करून एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन भारतात बनवण्यास घेतले. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर असे हे २११२ सीसीचे इंजिन एमएम ५४० जीपमध्ये वर्षानुवर्षे चालले. त्यानंतरच्या एमएम ५५०, मेजर, कमांडर यांसारख्या गाड्या आणि मर्सिडीझच्या ओएम ६१६ इंजिनावर चालणाऱ्या बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स याच कुळातल्या. काटोल-नरखेडच्या संत्राबागांत, उमरेडकडच्या शेतरस्त्यांवर, रामटेकच्या डोंगराळ पट्ट्यात अशा गाड्या अजूनही कामाला आहेत. संगणकाने फवारणी चालवणाऱ्या नव्या, म्हणजे कॉमन रेल, इंजिनांना पुढचे सगळे लागू होत नाही. त्यांच्या नळ्या उघडून एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा, काढण्याचा प्रयोग तर कधीही करू नये, कारण तिथला दाब जीवघेणा असतो.

ठिणगीविना पेट कसा घेतो

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून धरले आणि दांडा जोरात मारला की पंपाचे टोक गरम लागते. तेच तत्त्व इथे टोकाला नेलेले असते. पिस्टन हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या वीस-बावीसाव्या हिश्शात दाबतो, त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सियसच्या पुढे तापते, आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून धुक्यासारखे बारीक डिझेल आत सोडले जाते. डिझेल साधारण सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेऊ शकत असल्यामुळे एवढ्या तापलेल्या हवेत त्याला ठिणगीची गरज उरत नाही.

यावरून तीन अटी निघतात. इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, कारण पिस्टन सावकाश वर आला तर दाबलेली हवा पिस्टनच्या कड्यांच्या, म्हणजे रिंगांच्या, फटींतून निसटते आणि तिची उष्णता थंड लोखंडात मुरते. डिझेल पुरेशा दाबाने आणि योग्य क्षणी सिलिंडरमध्ये पोहोचले पाहिजे. आणि हवा पेट घेण्याइतकी तापली पाहिजे, म्हणजे कॉम्प्रेशन (हवा दाबून धरण्याची ताकद) शाबूत हवे, हवेची वाट मोकळी हवी आणि थंडीत आतली हवा तापवणारे विजेचे हीटर प्लग चालू हवेत. गाडी सुरू न होण्याचे जवळपास प्रत्येक कारण या तिहींपैकी एकीत बसते. अडचण अशी की पहिली अट बिघडली की तिसरीही बिघडल्यासारखी दिसते. मंद फिरणारे इंजिन पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही, आणि मालक मात्र हीटर प्लग बदलत बसतो.

पहिली तपासणी: सायलेन्सरचे तोंड

कोणाला तरी सेल्फ मारायला बसवावे आणि आपण गाडीच्या मागे, एका बाजूला उभे राहून सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. गाडी न्यूट्रलमध्ये असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि चाकांना दगड लावलेले असावेत. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन वेळांच्या मध्ये मिनिटभर तरी थांबावे, नाहीतर सेल्फची वाइंडिंग जळून एकाचे दोन बिघाड होतात.

इंजिन बऱ्या वेगाने फिरते आहे पण धुराचा मागमूस नाही, तर सिलिंडरमध्ये डिझेल जातच नाही असे जवळपास खात्रीने धरावे. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण पेट घेत नाही. तो पांढरेपणा म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ असते. अशा वेळी पंपाकडे न जाता उष्णतेचा शोध घ्यावा, म्हणजे हीटर प्लग, सेल्फचा वेग, कॉम्प्रेशन आणि नुकतेच काम झाले असेल तर टायमिंग (फवारणीची वेळ) या क्रमाने जावे. काळा धूर येत असेल तर पेट घेतला जातो आहे, पण हवा कमी किंवा डिझेल जास्त आहे, आणि अशा वेळी सर्वप्रथम एअर फिल्टर उघडावा. पाच मिनिटांच्या या पाहणीला एक पैसा लागत नाही, तरीही ती न करता पंप उतरवणारे कमी नाहीत.

सेल्फ फिरत नाही किंवा रडत फिरतो

चावी फिरवताच 'टक' असा एकच ठसठशीत आवाज येऊन पुढे काही होत नसेल, तर सेल्फचा सोलेनॉइड (विजेच्या चुंबकावर चालणारा खटका) ओढतो आहे पण मोटार फिरत नाही. 'टकटकटक' अशी झड लागत असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिच्या टर्मिनलवर गंज चढला आहे. आवाजच येत नसेल तर चावीच्या स्विचपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर पाहावी. जुन्या जीपांमध्ये तिच्या टोकाचे लग (जोडाची कडी) सैल होणे नित्याचे आहे.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. रात्रभर उभ्या गाडीची निरोगी १२ व्होल्टची बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी आहे. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असेल, तर विश्रांतीच्या वेळी साडेबारा दाखवणारी बॅटरीही कामाची नाही. नागपुरात बॅटरी थंडीने मरते असा समज आहे, तो अर्धाच खरा आहे. तिला मारतो तो इथला उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त, आणि त्या उष्णतेत पाणी उडते व आतल्या प्लेटांची झीज झपाट्याने होते. उन्हाळ्यात गरम इंजिन सहज फिरत असल्याने ही झीज कळत नाही. थंडीत ऑइल घट्ट होऊन इंजिन जड फिरू लागते, बॅटरीची ताकदही घटते, आणि मेमधले नुकसान डिसेंबरात उघडे पडते.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ रडत असेल तर अर्थिंगकडे वळावे. जुन्या जीपमध्ये इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे इंजिन आणि चेसिस यांच्यामधली अर्थची पट्टी गंजली किंवा तुटली तर सेल्फला शेकडो अँपिअर प्रवाह परत नेण्याची वाट उरत नाही. तपासणीसाठी इंजिन बंद करण्याची स्टॉपची नॉब ओढून धरावी किंवा पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढावी, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. मीटर नसेल तर जंपर केबलने बॅटरीचा निगेटिव्ह खांब थेट इंजिन ब्लॉकला जोडून पाहावा. सेल्फ एकदम जोरात फिरू लागला तर नवी बॅटरी घेण्याची गरज नाही, नवी पट्टी पुरेल.

डिझेल कुठे अडते

धूर नसताना पाहण्याची पहिली जागा म्हणजे पंपावरचा बंद करण्याचा सोलेनॉइड. चावी 'ऑन' केली की पंपावरून हलकासा 'टिक' ऐकू यायला हवा. तो आला नाही तर डिझेलचा मार्ग बंदच राहतो आणि इंजिन दिवसभर फिरवले तरी सुरू होणार नाही. सोलेनॉइडच्या टर्मिनलला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वेगळी वायर लावून पाहावे. 'टिक' आला तर दोष वायरिंगचा किंवा फ्यूजचा आहे, सोलेनॉइडचा नाही. काही जुन्या जीपांमध्ये सोलेनॉइडऐवजी केबलची स्टॉप नॉब असते, आणि ती केबल आत गंजून अर्धवट ओढलेल्या स्थितीत अडकते. डॅशबोर्डवर नॉब आत गेलेली दिसते, पंपावरचा लिव्हर मात्र बंदच्याच जागी असतो. म्हणून नॉबकडे नव्हे, लिव्हरकडे पाहावे.

यानंतर येते ते या गाड्यांचे सर्वांत नेहमीचे आणि सर्वांत फसवे दुखणे: डिझेलच्या वाटेत हवा शिरणे. टाकी खाली असते आणि पंप वर, त्यामुळे टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) नळी डिझेल ओढण्याच्या बाजूची असते. बॉशच्या व्हीई जातीच्या रोटरी पंपात ओढण्याची सोय आतच असते. ज्या गाडीत वेगळा फीड पंप नाही, तिथे फिल्टरसकट सगळी वाट ओढीची ठरते. ओढीच्या बाजूला नळीला बारीक चीर पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणूनच 'कुठेही गळती नाही, मग हवा येईल कुठून' हा युक्तिवाद इथे टिकत नाही. दाबाच्या बाजूची गळती ओली दिसते, ओढीच्या बाजूची कोरडीच राहते.

त्याची लक्षणे ओळखीची आहेत. गाडी सकाळी खूप वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होते, काही सेकंद चालते, धापा टाकून बंद पडते, पुन्हा सुरू केल्यावर मात्र दिवसभर तक्रार करत नाही. रात्रभरात त्या चिरेतून हवा शिरते आणि नळीतले डिझेल टाकीकडे उतरून जाते. चढावर तोंड करून उभी केलेली गाडी जास्त त्रास देते आणि उतारावर तोंड करून उभी केलेली कमी, असे आढळले तर हवेबद्दल फारशी शंका ठेवू नये. यालाही इथले हवामान जबाबदार आहे. उन्हाळ्यात रबरी नळ्या कडक होतात, त्यांच्या टोकांना क्लिपखाली तडे जातात आणि थंडीत रबर आकसले की ते तडे उघडतात.

नागपूरलगतच्या वाडीच्या एका गॅरेजात मी पाहिलेला प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. एमएम ५४०च्या मालकाला दुसरीकडे पंप उतरवून कॅलिब्रेशनला (मापे जुळवून घ्यायला) पाठवण्याचा सल्ला मिळाला होता आणि खर्चाचा आकडा ऐकून ते गाडी ओढत इथे घेऊन आले होते. मेकॅनिक वयस्क होते. "काका, पंपच गेला म्हणतात," मालक म्हणाले. "जाऊ द्या ना भाऊ, आधी डिझेल तर पाहू," असे म्हणून त्यांनी फिल्टर आणि पंप यांच्यामधली काळी नळी काढून वीतभर लांबीची पारदर्शक नळी बसवली आणि सेल्फ मारायला सांगितले. नळीत डिझेल पिवळसर दिसत होते, पण त्यातून तांदळाच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक पंपाकडे निघाले होते. मग त्यांनी टाकीच्या बाजूने एकेक सांधा बोटाने दाबत आणि क्लिप पिळत पुढे यायला सुरुवात केली. चेसिसलगत लोखंडी पाइपाला जोडलेला रबरी तुकडा दाबून धरताच बुडबुडे विरळ झाले. नळीचा तेवढा तुकडा आणि दोन क्लिप बदलल्या, एअर काढली आणि जीप सुरू झाली. पंपाला कोणी हातही लावला नाही. तोच पंप उतरला असता तर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे झाले असते, आणि परत बसवल्यावर गाडी तरीही सुरू झाली नसती.

दोष टाकीकडच्या वाटेत आहे की पंपात, हे निर्विवाद ठरवण्याची आणखी एक पद्धत आहे. स्वच्छ डब्यात गाळलेले डिझेल घेऊन तो डबा पंपापेक्षा उंच, पण गरम भागांपासून दूर आणि घट्ट बांधावा, आणि त्यातून नळी थेट पंपाच्या आत जाणाऱ्या जोडावर द्यावी. आता डिझेल स्वतःच्या वजनाने पंपात उतरते. एअर काढल्यावर इंजिन सुरू होऊन स्थिर चालले तर टाकी, नळ्या किंवा फिल्टर दोषी आहे; सुरू झाले नाही तर पंप आणि त्याच्या पुढचा भाग पाहावा. शेतावर, गॅरेजापासून मैलोगणती दूर असताना ही चाचणी जितकी उपयोगी पडते तितकी दुसरी कोणतीच नाही.

एअर काढण्याचा क्रम नेहमी टाकीकडून इंजिनाकडे असतो. टाकीत पुरेसे डिझेल आहे याची खात्री करून फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करावा आणि हँड प्रायमर (हाताने डिझेल ढकलण्याचा छोटा पंप) दाबत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडेमिश्रित डिझेल, आणि शेवटी अखंड धार. धार अखंड झाल्यावर प्रायमर दाबत असतानाच स्क्रू आवळावा. पंपावर एअर स्क्रू असेल तर तिथे हेच पुन्हा करावे. त्यानंतर नोझलच्या टोकांवरचे पाइपांचे नट एक-दीड आटा सैल करून सेल्फ मारावा. प्रत्येक नटाखालून डिझेल पिचकारीसारखे ठेक्यात येऊ लागले की नट आवळावेत. इथे चेहरा आणि हात दूर ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. या इंजिनांची नोझल शंभराहून अधिक बार दाबावर उघडतात, आणि इतक्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाऊ शकते. ती जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तिला तातडीने रुग्णालयात दाखवावे लागते. फिल्टर बदलताना, टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर किंवा नळ्यांचे कोणतेही काम केल्यावर एअर काढणे क्रमप्राप्तच असते. त्यामुळे 'फिल्टर बदलला आणि गाडी बंद पडली' या तक्रारीत बहुधा फिल्टरचा दोष नसतो. एअर नीट निघालेली नसते किंवा फिल्टरचे रबरी वायसर वाकडे बसलेले असते.

फिल्टरखाली पाणी साठण्याची वाटी असेल तर पावसाळ्यात तिचा स्क्रू उघडून पाणी सोडण्याची सवय ठेवावी. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री ओलावा जमतो, ते पाणी तळाशी बसते आणि पंपाच्या आतल्या घासून बसवलेल्या भागांना गंज चढवते.

थंडीच्या संदर्भात एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. भारतीय मानकाप्रमाणे डिझेल थंडीत किती अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहते राहावे याची मर्यादा ऋतूप्रमाणे वेगळी आहे. हिवाळ्यासाठी ती ६ अंश आहे, उन्हाळ्यासाठी १८ अंश. म्हणजे मे महिन्यात भरलेले आणि गाडी उभी राहिल्याने टाकीतच राहिलेले डिझेल डिसेंबरच्या पहाटे मेणासारखे कण धरून फिल्टर चोंदवू शकते. हिवाळ्यात भरलेल्या ताज्या डिझेलला नागपुरात सहसा हा त्रास होत नाही. शंका आल्यास उन्हात उभी करून अकरा वाजता पुन्हा प्रयत्न करावा. फिल्टरजवळ ज्योत नेऊन तो गरम करण्याचा अघोरी प्रकार काही ठिकाणी चालतो, तो करू नये.

हीटर प्लग

एक्सडीपीसारख्या किंवा ओएम ६१६सारख्या इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या पूर्वकक्षात फवारले जाते. त्या कक्षाच्या भिंती दाबलेल्या हवेची बरीच उष्णता पिऊन टाकतात, म्हणून थंड इंजिनात तिथे हीटर प्लग लावलेला असतो. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या अनेक इंजिनांना असा प्लग नसतो, तेव्हा आपल्या गाडीत तो आहे की नाही हे आधी पाहून घ्यावे. नसलेला प्लग शोधण्यात सकाळ घालवणारेही भेटतात.

तपासणी साधी आहे. चारही प्लगांना जोडणारी पट्टी काढावी. टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे एकेका प्लगच्या टोकाला लावावे. दिवा लागला तर त्या प्लगची तार शाबूत आहे, लागला नाही तर जळाली आहे. मीटरवर चांगल्या प्लगचा रोध एखाद्या ओमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. प्लग चांगले असतील तर पट्टी परत बसवून, हीटर चालू असताना तिच्यावर व्होल्टेज पोहोचते का ते पाहावे. नसेल पोहोचत तर रिले, फ्यूज किंवा हीटरचा स्विच दोषी आहे. चारांपैकी एक प्लग जळाला तरी गाडी सुरू होते, पण लंगडत आणि पांढरा धूर काढत. दोन-तीन जळाले की थंडीत ती हात टेकते. काही फार जुन्या इंजिनांत मात्र प्लग एकापुढे एक अशा साखळीत जोडलेले असतात, आणि तिथे एक जळाला की सगळेच बंद पडतात. प्लग काढलाच तर त्याचे टोक पाहून घ्यावे. ते वितळलेले किंवा झिजलेले असेल तर त्या सिलिंडरच्या नोझलमधून फवाऱ्याऐवजी धार पडते आहे असे समजावे, आणि नोझल न तपासता नवा प्लग बसवू नये.

हवेच्या वाटेबद्दल थोडक्यात सांगता येईल. एअर फिल्टर काढून एकदा सेल्फ मारावा, मात्र अशी गाडी चालवू नये. ऑइल बाथ (तेलात धूळ अडकवणारा फिल्टर) असेल तर त्यातले चिखल झालेले ऑइल बदलावे. महिनोन्महिने उभ्या गाडीत उंदीर आणि कुंभारमाश्या यांनी हवेच्या नळीत संसार थाटलेला असतो, तोही पाहावा. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र बुजले तर टाकीत पोकळी निर्माण होऊन डिझेल ओढले जात नाही. झाकण उघडताना 'सुस्स' असा आवाज आला तर तेच कारण.

गरम झाल्यावर सुरू न होणारी गाडी

थंडीत सुरळीत सुरू होणारी जीप उन्हाळ्याच्या दुपारी सुरू होत नाही, तासभर सावलीत थांबल्यावर मात्र होते, ही तक्रार वेगळ्या जातीची आहे. तिचे कारण बहुतेकदा झिजलेला रोटरी पंप असते. पंपाच्या आत धातूचे भाग एकमेकांना इतके जवळ बसवलेले असतात की त्यांच्यामधल्या फटीतून डिझेल जवळपास निसटत नाही. झिजेने ती फट वाढते. थंड डिझेल घट्ट असल्यामुळे चालून जाते, गरम डिझेल पातळ होऊन फटीतूनच परत फिरते आणि सेल्फच्या कमी वेगात नोझल उघडण्याएवढा दाब तयार होत नाही. गाडी बंद असताना पंपावर ओले फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. त्यानंतर ती लगेच सुरू झाली तर पंप दुरुस्तीला काढण्याची वेळ आली आहे. फडके ओले असावे, गरम पंपावर बादलीने पाणी ओतू नये. चालत्या पंपावर गार पाणी पडले तर आतले भाग आवळून पंप जाम होऊ शकतो.

कॉम्प्रेशन कमी झालेले इंजिन याच्या उलट वागते. ते थंडीत त्रास देते आणि एकदा गरम झाले की दिवसभर चालते. चालू इंजिनाच्या ऑइल भरण्याच्या झाकणातून जोरात धूर येत असेल, ऑइल वारंवार कमी होत असेल आणि चढावर ताकद कमी वाटत असेल, तर रिंग-पिस्टनची अवस्था तपासावी. डिझेल इंजिनाला पेट्रोलचा कॉम्प्रेशन गेज चालत नाही, कारण इथले आकडे पंचवीस-तीस बारपर्यंत जातात. मापताना चारही सिलिंडरच्या आकड्यांमधला फरक महत्त्वाचा असतो. एकच सिलिंडर खूप खाली असेल तर बहुधा व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट, सगळेच सारखे खाली असतील तर झीज.

न करण्याच्या दोन गोष्टी

एअर फिल्टरच्या तोंडाशी ईथरचा स्प्रे मारून गाडी सुरू करण्याची पद्धत म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. ईथर डिझेलपेक्षा खूप कमी तापमानाला पेटते, त्यामुळे पिस्टन वर येण्याआधीच स्फोट होऊन रिंगा तुटतात, पिस्टनला तडा जातो. हीटर प्लग लाल झालेला असताना ईथर मारले तर भडका बाहेरही येऊ शकतो. एकदा ईथरवर सुरू केलेली गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा ईथर मागते, कारण मूळ दोष जागेवरच असतो.

दुसरी गोष्ट नाल्याच्या पाण्याची. पावसाळ्यात फुगलेला नाला ओलांडताना गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. गाडी ओढून बाहेर काढावी, एअर फिल्टर उघडावा, आणि तो ओला असेल तर हीटर प्लग किंवा नोझल काढून सेल्फने इंजिन फिरवावे. छिद्रांतून पाणी उडून जाईपर्यंत ते करावे, छिद्रांसमोर कोणी उभे राहू नये, आणि मग ऑइल तपासावे. ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलल्याखेरीज इंजिन सुरू करू नये. धक्का मारून सुरू करण्याचा उपायही अशा वेळी तितकाच घातक ठरतो.

पंप खरोखरच उतरवावा लागला तर

वरच्या सगळ्या पायऱ्या ओलांडूनही गाडी सुरू झाली नाही तर पंप-नोझलच्या दुकानाची वाट धरावी लागते. हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे आणि आसपासच्या तालुक्यांत ट्रॅक्टर भरपूर, त्यामुळे यांत्रिक डिझेल पंप जाणणारे कारागीर नागपूर परिसरात मिळणे अवघड नाही. आधी फक्त नोझल काढून तपासून घ्यावीत, ते काम स्वस्त आहे. टेस्टरवर नोझल ठरलेल्या दाबाला उघडते का, फवारा धुक्यासारखा सुटतो की धार पडते, आणि फवारल्यानंतर टोकाशी थेंब लोंबतो का, हे आपण स्वतः उभे राहून पाहावे. परत बसवताना तांब्याचे वायसर नवेच घ्यावेत.

पंप उतरवण्यापूर्वी पंपाच्या फ्लँजवर (इंजिनाला टेकणाऱ्या कडेवर) आणि इंजिनावर मिळून छिन्नीने एक सरळ खूण ओढून घ्यायला सांगावे. पंप त्याच जागी बसला नाही तर फवारणीची वेळ मागे-पुढे होते. वेळ लवकर झाली तर इंजिन खडखडते. उशिरा झाली तर इंजिन जोरात फिरते, हीटर प्लग चांगले असतात, बॅटरी नवी असते, आणि तरीही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो. अशा वेळी पंपवाल्याशी वाद घालण्याआधी ती खूण जुळते का, एवढे पाहून घ्यावे.